पासंग

रविवार पेठेत बाबांचं दुकान, एका शटरच्या रुंदीचं.
रंगाऱ्यानं पाटीवर तराजू काढला, तो जरासा कलता.
तीस वर्षं बाबा म्हणतायत, सरळ करून घेऊया की.

वजनमाप खात्याचे हिरेमठ वर्षातून एकदा येत,
मखमली पेटीतली पितळी वजनं चिमट्यानं उचलत.
त्यांच्या आदल्या रात्री
बाबा पंखा बंद करून रिकामी पारडी टांगायचे.
आधी 'काही नाही'चं वजन किती येतंय बघायचं,
मग बाकीचं.
हलक्या पारड्याच्या पोटाला शिशाचा तुकडा,
नखाएवढा. तो पासंग.

मी वडगावात, माडीवर, रात्रीची जागी.
शेजारी होसमनींचे माग खडखडतात,
पडद्यावर एक्केचाळीस हजार दीर्घिका:
तांदळाच्या कण्या, पुसट, लांबट.
त्यांच्या अलीकडे दीर्घिकांचाच एक समूह,
त्याचं बहुतेक द्रव्य कुणाला दिसत नाही.
मागचा उजेड त्याच्या कडेनं येताना वाकतो
आणि एकेक कणी ताणली जाते, मध्याला वळसा घातल्यासारखी.

केसभरच ताणली जाते.
एकेकटीला विचारून उपयोग नाही,
प्रत्येकीचा जन्माचा तिरकेपणा निराळा.
हजारोंची सरासरी धरली, वर्तुळामागून वर्तुळ,
की जन्माचं जन्माशी फिटतं
आणि ओढ तेवढी उरते.

"हात लागत नाही त्याचं वजन कसलं करालीस?"
मी गणपत गल्लीतल्या गच्चीचं सांगितलं.
सणाच्या गर्दीत केळ्यांचा गाडा वरून दिसत नाही,
पण डोकी एका जागी वळून जातात.
किती वळली त्यावरून गाडा केवढा ते कळतं.
"आणि केळी विकली किती?"
ते नाही कळत, बाबा.

पहिल्यांदा वजन कमी भरलं. पाचवा हिस्सा कमी.
तापलेल्या वायूवरून दुसऱ्यांनी काढलेला आकडा
आणि माझा, जुळेना.
तीन आठवडे मी कोड उसवत बसले,
मागवाले टाके उसवतात तशी.
चूक साधी होती:
समूहातल्याच काही दीर्घिका मी मागच्यांत मोजल्या होत्या.
आत राहणाऱ्यांना ते भिंग वाकवत नाही.
त्या आपल्या जशाच्या तशा,
आणि सरासरीत पाणी.

मग रंगावरून निवडायला बसले.
लालसर त्या आतल्या. फार निळ्या त्या मागच्या.
मधल्या दोन हजारांचं काही केल्या ठरेना,
रेषेच्या अलीकडे की पलीकडे.
बाबा चहाचा कप घेऊन पाठीशी उभे.
त्यांच्या जन्मसालीच इथं नकाशावर रेघ ओढली गेली;
मोठे काका त्या अंगाला चंदगडात, आत्या या अंगाला खानापुरात,
आणि दिवाळी कुणाकडे यावर अजून वाद.
"हे तू गावात नको बोलूस," म्हणाले, आणि हसले, एकटेच.

शेवटी मी कुणालाच हाकललं नाही.
जिची जेवढी शक्यता तेवढंच तिचं वजन धरलं,
कुणी सहा आणे मागची, कुणी चौदा.
"अर्धी मोजता येते?"
तिथं येते.
बाबा बराच वेळ कप हातात धरून होते.

आकडा वर सरकला. वायूच्या जवळ आला, जुळला नाही.
मला निजायचं होतं.
बाबा म्हणाले, रिकामी पारडी बघितलीस?

नव्हती बघितली.
तेव्हा खोटं आकाश तयार केलं, कण्या विखुरलेल्या,
समूह नाही, भिंग नाही, कुणाची ओढ नाही.
तेच कोड त्यावर चालवलं. उत्तर शून्य यायला हवं.
होसमनींचे माग थांबले होते, बहुतेक वीज गेली त्यांची,
माझी बॅटरीवर चालू.
बाबांनी सवयीनं भिंतीवरचं पंख्याचं बटण बंद केलं.
पडद्यावर रेघ शून्याच्या वर गेली,
खाली आली, थोडी पुन्हा वर.
आम्ही बघत राहिलो, कुठं थांबतेय.