जुनी लाइन

जिभेच्या डाव्या कडेला चार टोचण्या.
संध्याकाळचे पावणेपाच, मी रजिस्टरात लिहिलं,
आणि त्यांना गुळणी करायला लावली
वेगळ्या भांड्यात; आता ते पाणीसुद्धा
सहा सहा तासांनी निम्मं होत जाणारं.

नाव वाचलं तेव्हाच ओळखलं होतं.
मार्तंड दौलतराव सुर्वे, वय एकसष्ट, लष्कर, ग्वाल्हेर.
आमच्या बोळात पहाटे
लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून येणारे,
खड्ड्यात घालून साडेअकरा फेरे फिरवणारे.
मी मोजायचे, अंथरुणातून.
मग नळ खोकायचा: आधी हवा,
मग गढूळ, मग तिघऱ्याचं पाणी.
आई म्हणायची, ऊठ, सुर्वे येऊन गेले.

त्यांनी मला ओळखलं नाही.
मी मास्कमध्ये, ते भीतीत.

हलू नका, म्हटलं. कॅमेऱ्याची पाटी
हनुवटीपासून चार बोटांवर आली.
पडद्यावर आधी एकच गोळा, टोचल्या जागी,
उर्मट, बाकी सगळं झाकून टाकणारा.
त्यावर शिशाची चकती धरली.
उरला अंधार.

दहा मिनिटांनी डाव्या जबड्याखाली
एक दाणा उजळला, ज्वारीएवढा.
इथवर पुस्तकाप्रमाणे.
बाविसाव्या मिनिटाला
उजवीकडे, पार पलीकडे,
अजून एक.

कोन बदलून पुन्हा घेतलं. होताच.
कांडी त्वचेवर सरकवत दाण्यापर्यंत नेली,
जांभळ्या पेनानं फुली मारली. दोन फुल्या.
त्यांनी खुणेनं आरसा मागितला.
बराच वेळ बघितलं, मग जड जिभेनं,
एकेक शब्द ढकलत:
"उजवीकडं कसं गेलं?"
जातं कधी कधी, म्हटलं.
"जुनी लाइन असेल."

आणि सांगत बसले. अर्धं मला कळलं,
अर्धं लाळेत गेलं.
फालका बाजारात रस्ता ओला राहायचा,
महिनाभर तिथंच खोदत होते, काही नाही.
रात्री दोनला, गाड्या थांबल्यावर,
त्यांनी सळईचं एक टोक डांबराला लावलं, दुसरं कानाला,
आणि पावलापावलानं ऐकत गेले दौलतगंजापर्यंत.
तिथं एका शिंप्याच्या ओट्याखाली
कुठल्याच नकाशात नसलेली बिडाची लाइन
फुसफुसत होती.
जागं राहायला तोंडात सुपारी असायची, म्हणाले.
मग गप्प झाले.

उद्या टेबलावर डॉक्टरांच्या हातात
अशीच एक सळई असेल, मी सांगितलं,
फुलीजवळ नेली की वाजेल.
हे त्यांना पटलं. इतकंच पटलं.
मग तो प्रश्न, जो सगळेच विचारतात:
"म्हणजे दोन्हीकडं आहे?"

नाही हो काका. हे फक्त दाखवतं
पाणी आधी कुठं पोचतं.
गढूळ आहे का, ते गाठ काढून
काचेखाली बघितल्याशिवाय
मलाही नाही कळत, डॉक्टरांनाही नाही.

काका, असं तोंडून निघून गेलं होतं.
"कुठली तू?"
बोळाचं नाव सांगितलं.
डोळे मिटले त्यांनी; पोटावरची बोटं
जराशी फिरली, थांबली, फिरली.
"साडेअकरा," म्हणाले. "शेवटचा अर्धा कडक होता.
आता कोण खोलतं?"

मला माहीत नव्हतं.
आता गच्चीवर टाकी आहे, मोटर आहे,
पाणी कधी येतं ते कळतच नाही.

रिपोर्टमध्ये लिहिलं: डावीकडे एक, उजवीकडे एक.
खाली सही.

रात्री पावणेअकराला ताट विसळताना
हात थांबला: निम्मं.
आणि मग झोप लागली असावी, कारण जाग आली
ती न वाजलेल्या कशानं तरी.
बोळ कोरडा. घड्याळात पावणेपाच.
पाव उरलं असेल त्यांच्या मानेत.
ऐकू येण्याइतकं.