हातचा

एप्रिल संपत आला. डुलुथच्या बंदरात
बर्फाची शेवटची ढेकळं काठाला घासतायत,
आणि खिडकीतून दिसतं एक परदेशी जहाज,
गहू भरायला आपली पाळी कधी, याची वाट बघत.
लिनेया मान वर न करता सांगते:
झेंडा लायबेरियाचा, मालक ग्रीक असणार,
खलाशी फिलिपिनो, गहू नॉर्थ डकोटाचा,
पाव भाजला जाईल अल्जीरियात.
आंतरराष्ट्रीय व्यापाराची ही तिची पहिली पदवी.
सात वर्षांची असल्यापासून, घरभाड्यातच.

दुसरीचे दोन लिफाफे टेबलावर आहेत.
एक शिकागोचा: दगडी कमानी, वेली,
तिसऱ्या वर्षी सहा महिने लिस्बन.
एक इथलाच, टेकडीवरचा, पातळ.

मी टायरच्या बिलाच्या पाठीवर दोन रकाने पाडलेत.
बावीस वर्षं मी धान्याच्या वजनकाट्यावर आहे.
ट्रक भरलेला येतो, रिकामा जातो,
मधला फरक म्हणजे गहू.
मला येतं ते गणित एवढंच.

शिकागो: कर्ज एकोणनव्वद हजार,
पदवीनंतर चार वर्षांनी पगाराचा मध्यक एकसष्ट.
टेकडी: कर्ज तेवीस, पगार चौपन्न.
‘वर्षाला सात हजार जास्त, बाबा.’
‘त्यातून कर उतरव. शिकागोचं भाडं उतरव. हप्ता उतरव.
मग ट्रक परत काट्यावर घे.’

मध्यक म्हणजे काय, ते तिनंच समजावलं:
सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं करायचं
आणि बरोबर मधल्याला विचारायचं, तुला किती?
तेव्हापासून हा मधला माझ्या डोक्यातून हलत नाही.
बसला असेल कुठल्या गोदामाच्या ऑफिसात
कंटेनरचे नंबर पडताळत, गार सँडविच खात,
आणि त्याला पत्ताच नाही की एका घरात
रात्री अकराला त्याच्या पगारावरून आवाज चढलेत.
त्याच्या मागे अर्धी रांग उभी आहे.
माहितीपत्रकातल्या फोटोत ती मावलेली नाही.
आणि तळाशी मुंगीच्या अक्षरात:
ज्यांना काम मिळालं नाही, ते यात धरलेले नाहीत.
म्हणजे काट्यावर न आलेले ट्रक.

रोक्सान हॉस्पिटलच्या लाँड्रीतून आली,
बूट काढता काढता म्हणाली, ‘तुझं सांग की तिला.’
मग सांगितलं. वेल्डिंगचा डिप्लोमा, दोन वर्षांचा.
कॉलेज बंद पडलं, हप्ता चालू राहिला.
त्या इमारतीत आता गालिचे विकतात.
शेवटचा चेक लिहिला तेव्हा मी एकेचाळीसचा होतो
आणि तू, लिनेया, पाच.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कळतं मला.
पण अठराव्या वर्षी पाय वाढतच असतात
आणि अंथरूण विणतो दुसराच कोणी.

ती बराच वेळ गप्प. मग विचारलं,
‘लिस्बन कुठल्या रकान्यात लिहायचं?’

त्याला रकाना नव्हता.
चौथीत ओयाला बाई पेन्सिलीनं टकटक करायच्या,
बेरीज बरोबर रे, हातचा कुठाय?
मी आकड्यांच्या डोक्यावर, बारीक,
जिथं हातचा मांडतात तिथं लिहिलं: लिस्बन.
अजून मिळवायचा नाही. विसरायचाही नाही.

‘आणि जहाज? ते कसं जोखतात?’
तिला माहीत असतं. मला बोलतं करायला विचारते.
जहाज काट्यावर चढत नाही, म्हटलं.
कडेला आकडे रंगवलेले असतात,
रिकामं असताना किती बुडालं होतं, आता किती,
त्यावरून.

‘म्हणजे थोडं बुडावंच लागतं.’
‘थोडं,’ रोक्सान म्हणाली, आणि दिवा घालवला.

पैसे भरायला एक मेपर्यंत मुदत आहे.
टायरचं बिल त्याच्या आधीचं.