तीन भोकांचं झाकण

खार्किवमध्ये वीज गेली
तेव्हा भट्टीतला स्फटिक अकरा दिवसांचा होता.

झिनाइदा भट्टीला बाळंतीण म्हणायची.
दार आपटू नका, घाई करू नका,
सहाशे अंशांवरून उतरायचं
तर पायरी पायरीनेच,
म्हाताऱ्या माणसासारखं, कठडा धरून.

कठडाच गेला.
तडा जातो त्याचा आवाज मोठा नसतो.
गार पेल्यात कढत चहा ओतल्यावर होतो, तेवढाच.
कलिंगडाएवढा सीझियम आयोडाइड
आणि त्यात आरपार एक पांढरं पान.

तिने वहीत तारीख टाकली, पुढे आडवी रेघ.
त्या वहीत आता रेघाच फार.

यारिनाकडे भट्टी नव्हतीच.
खिडकीला फळ्या ठोकलेल्या,
एका कोपऱ्यात वीतभर काच शाबूत,
तिथे एक कुपी:
मँगॅनीजचं मीठ, थोडं अल्कोहोल,
झाकणाला सुईने पाडलेली तीन भोकं.
"लोणचं घातलंयस का गं?"
"मुरू दे, मग सांगते."

नऊ दिवसांनी तळाशी खडीसाखर.
यारिनाने ती कुटली, राळेत कालवली,
काचेवर सारवली बोटभर रुंद, मग तळहाताएवढी.

जुन्या पंचांगाच्या नववर्षाची संध्याकाळ.
ओस्तापने जनरेटर चालू केला,
तासाभराचं डिझेल, त्याहून जास्त नाही.
आता यंत्रासमोर ठेवायचं काय?
पेन, किल्ली, घड्याळ, सगळे हेच ठेवतात.
झिनाइदाने डबा पुढे सरकवला.
वारेनिकी. बटाट्याचं सारण भरलेल्या,
आपल्या करंजीच्या उकडलेल्या बहिणी.
सातातल्या एकीत नाणं.
ज्याच्या दाताखाली येईल, त्याचं वर्ष.

दिवा घालवला.
क्ष-किरण आले असतील;
ते आल्याचं कुणालाच कळत नाही,
भिंतीला नाही, कणकेला नाही.
कळलं ते त्या सारवलेल्या काचेला.
ती हिरवी झाली,
कोवळ्या हरभऱ्याच्या सालीसारखी,
आणि त्या हिरव्यात सात धूसर चंद्रकोरी,
डावीकडून तिसरीत
काळं, गोल, ठाम.

"झालं!" ओस्ताप करवादला,
"बघून खाल्लं तर शकुन कसला?"

झिनाइदा नाण्याकडे बघतच नव्हती.
चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकलेलं.
"मुरड दिसतेय," ती म्हणाली.
"माझ्या बोटांची मुरड.
शेवटची जरा उसवलीय, तीसुद्धा दिसतेय."
मग बराच वेळ काहीच नाही.
"दमट हवेत किती टिकेल?"
"माहीत नाही. महिना. कदाचित तेवढाही नाही."
"हं."

जनरेटर खोकला, थांबला.
अंधारात डबा हातोहात फिरला,
आणि तिसरी कुठली, हे आता
कुणालाच सांगता येईना.

वहीत तारीख पडली, या वेळी पेन्सिलीने.
पुढची जागा तिने
मोकळी सोडली.