जकात माफ

मी रुज्जेरी, मेसिना बंदराच्या जकात कचेरीतला कारकून.
डावरा आहे. लिहिलेल्यावरूनच हात फिरतो,
त्यामुळे माझे आकडे नेहमी थोडे फरफटलेले.

सोमवार. काळ्या समुद्राकडून गलबतं लागली.
गहू, अडीचशे पोती.
मिरी, अकरा थैल्या, एकीला भोक.
खारीची कातडी, गठ्ठे सहा.
तुरटी. मेण.
वल्हेकरी: निम्मे.
निम्मे का, हा माझा रकाना नव्हे.

लान्फ्रांको नावाचा जेनोव्हाचा नाखवा
सही करायला वर आला तो भिंत धरून धरून.
डावा हात अंगापासून लांब,
जणू काखेत अंडं सांभाळतोय.
मी दौत पुढे केली. त्याने फुली मारली.
फुली वाळायच्या आत
दोरखंडावरून उंदीर उतरू लागले,
एकामागे एक,
घाई नसलेल्या पाहुण्यांसारखे.
कोणी अडवलं नाही.
उंदराला जकात नाही.

पुढच्या आठवड्यात गोदामात उंदीर पडू लागले.
भर दुपारी मधोमध यायचे,
झिंगल्यासारखे गोल फिरायचे
आणि आडवे व्हायचे.
पेरुच्चा झाडूवाली म्हणाली, बरं झालं बाई, धान्य वाचलं.
सूपभर उचलून तिने धक्क्यावरून फेकले.
गार झालेल्या अंगावरून पिसवा उठल्या,
तिच्या परकराच्या काठात शिरल्या.
पिसवांचं कोण मनावर घेतं?
बिशपच्या अंथरुणातही असतात.
मी लेखणीच्या मागच्या टोकाने घोटा खाजवला
आणि पान उलटलं.

शनिवारी पेरुच्चा आली नाही.
झाडू दाराशी तसाच.

शहराने गलबतं हाकलली, जळते बाण दाखवून.
ती गेली. कुठल्यातरी बंदराला लागलीच असतील,
तिथेही कोणी कारकून असेल.
आमच्याकडे गहू उतरलेला होता.

वैद्य आला, नाकाशी सिरक्याचा बोळा धरून.
दोन वर्षांमागे कुंभ राशीत
शनी, गुरू, मंगळ एकत्र आले,
तेव्हाच हवा नासली, म्हणाला.
माझी बहीण गारीता छताकडे बघत राहिली.
मग म्हणाली, एवढ्या लांबून तिघं निघाले
आणि बरोबर माझ्या पोराच्या जांघेत पोचले?
वैद्याने नाणं चिमट्याने उचललं.

पोरगा पाचव्या दिवशी गेला.
घंटा वाजवणारा त्याच्या आदल्या दिवशीच गेला होता,
म्हणून नुसतंच नेलं.

त्याचा एक झगा होता, आतून खारीची कातडी लावलेला,
त्याच सहा गठ्ठ्यांतली.
तापात अंगावर ठेवला नाही,
तेवढाच चांगला राहिला होता.
गारीताने तो सिमुनीला विकला.
सिमुनी बायकापोरं घेऊन कातानियाला निघालेला,
थंडी तोंडावर आलेली.
वेशीवर त्या दिवशी मीच होतो,
दुसरं कोणी उरलं नव्हतं.
त्याने बोचकं सोडलं. झगा वरच होता.
मी तो उचलून झटकला, घडी घातली,
अस्तरावरून हात फिरवला जरा जास्त वेळ.

नियम असा आहे: वापरलेल्या कपड्याला जकात माफ.
तसं लिहिलं.
हात फिरला त्यावरून.
नीट वाचता येत नाही,
पण लिहिलेलं आहे.