शिडीचा प्रश्न

सांगोल्याच्या पुढं, डाळिंबाची वाळलेली बाग ओलांडली की
शाळेचा ओटा. तिथं मी टॅब पुसत बसले ओढणीनं.
धूळ परत बसते. परत पुसते.
एका मुलाखतीचे एकशेवीस रुपये,
पूर्ण भरली असेल तरच.

संकेतांक शून्य चार एक सात.
माया बिरा येडगे. वय पंधरा.
"खरं नाव मायाक्का हाय," ती म्हणाली,
"दाखल्यावर गुरुजींनी कापून बारकं केलं."

गेल्या महिन्यात शाळा किती दिवस बुडली?
"नऊ."
कारण? आजार, लग्नकार्य, शेतीकाम, अंतर, इतर.
टँकर हा शब्दच यादीत नव्हता.
मी 'इतर' दाबलं. नऊ वेळा नाही, एकदाच.
यंत्राला तेवढं पुरतं.

"टँकर काय येळ सांगून येतोय व्हय?
गणिताच्या तासाला हॉर्न वाजला की
निम्मा वर्ग उठतोय. गुरुजी बी खडू ठेवत्यात,
त्यांची घागर पिवळी हाय."

मग मनाचे प्रश्न.
गेल्या दोन आठवड्यांत सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का?
"कुठले दोन आठवडे?
पाण्याचे का बिनपाण्याचे?"
मी प्रश्न जसाच्या तसा परत वाचला.
प्रशिक्षणात बजावलंय, समजावून सांगायचं नाही,
परत वाचायचं.

आणि एकतिसावा.
समजा, एक शिडी आहे. दहा पायऱ्यांची.
सगळ्यात वर तुझं सगळ्यात चांगलं आयुष्य.
सगळ्यात खाली सगळ्यात वाईट.
आज तू कुठल्या पायरीवर आहेस?

ती कितीतरी वेळ ओट्याच्या फटीत काडी घालत राहिली.
"चांगलं वर कसं आसंल, ताई?
पाणी तर खाली हाय."

"आमच्या हिरीला पायऱ्या हायत.
मी तिसरीत हुते तवा सात दिसायच्या,
आठवी पाण्यात. आईनं आठवीवर पाय ठिवू दिला न्हाई कदी.
सातवीत गेले तवा बारा.
आता एकोणीस उघड्या पडल्यात. इसावी पायरी न्हाई,
नुसती खोबण. तितं उकिडवं बसून
वाटीनं भरायचं, गढूळ न करता.
आज सकाळी एकोणिसावीवर हुते.
एकोणीस लिवा."

मी एकोणीस लिहिलं.
लाल अक्षरं आली: शून्य ते दहा यांमधीलच आकडा भरा.
परत लिहिलं. परत लाल.
भिंतीवर जलचक्राचं चित्र होतं, कुणीतरी हौसेनं रंगवलेलं,
त्यातला समुद्र तेवढा अजून निळा.

"तुमच्यात किती दिसानं येतंय?"
हा प्रश्न यादीत नव्हता.
पाचव्या दिवशी, म्हटलं. सोलापुरात, आमच्या पूर्व भागात,
रात्री दोनला, कधी अडीचला.
आई विड्यांचं सूप बाजूला सारते, मी मोटर लावते,
नळातून आधी नुसता वारा येतो, फुसफुसतो,
दहावीच्या भूमितीच्या पेपराआधीही
त्या वाऱ्यापाशी बसून होते मी.

"मग? झाला का पास?"
झाले. काठावर.
तेव्हा ती पहिल्यांदा हसली.
"काठावर बरं असतंय.
उतरावं लागत न्हाई."

पाचची एसटी. खिडकीला काच नाही.
चार मुलाखती पूर्ण, एक अपूर्ण.
'शेरा' या चौकटीत चाळीस अक्षरं मावतात.
लिहिलं: शिडी उलटी आहे.
पुसलं.
लिहिलं: मायाक्का म्हणावं.
हेही पुसलं, नावं घालायची नसतात.
शेवटी लिहिलं: एकोणीस, वरून मोजत.
आणि 'पाठवा' दाबलं.

मंगळवेढा आलं, गेलं,
पडद्यावरचं चक्र फिरतच होतं.
आईचा फोन आला, रेंज अर्धवट,
एवढंच ऐकू आलं की
आज पाचवा दिवस.