पाण्याआधी हवा

पडद्यावर पाणी नाहीच.
सेन्सरच्या पिवळ्या तारेला तमादुरने
जोडलाय पल्स जनरेटर:
सेकंदाला साठ ठोके, म्हणजे
मिनिटाला आठ लिटर.
आकडा चढतो. टाकी भरते,
कुणाचे पाय ओले न होता.

झर्कामध्ये पाणी मंगळवारी येतं.
आज रविवार.
गच्चीवरची टाकी
बोटाने टिचकी मारली तरी घणघणते.

मंगळवारी पहाटे खरा सेन्सर नळीत बसला
आणि आधी आली हवा.
चक्री जीव खाऊन गरगरली,
सव्वीस लिटर,
बादली कोरडीठाक.

आई दारातूनच म्हणाली,
"मीटरही हेच मोजतो गं.
वीस वर्षं बिल भरतेय मी वाऱ्याचं."

मग नळ खोकला.

तमादुरने कोडमध्ये, अगदी वर,
एक ओळ घातली:
पहिली चार मिनिटं
काही मोजू नको.