अंक सातवा, सोबत तबकडी

हंसराज खोब्रागडेनं तो बर्डीच्या रद्दीतून आणला,
किलोच्या भावात.
मासिकाचं नाव फाटलेलं, 'अंक ७' एवढंच शिल्लक,
आणि मधल्या पानाला डिंकानं चिकटलेली
काळ्या पाठीची तबकडी.
तिच्यात बारा छोटे खेळ.
बारा म्हणजे बारा तुकडे.

सिंदेवाहीत तेव्हा धानगिरण्या रात्रभर चालत.
कोंडा कुठंही जायचा, भातात, कानात,
मशीनच्या भिंगात.
म्हणून मशीन उलटी ठेवावी लागे, पोट वर,
झाकणाच्या खाचेत पेनाची स्प्रिंग,
आणि वर हंसराजचा तळहात, ताप पाहावा तसा.
"हालू नका बे पोट्टेहो, वाचून रायली ते."
खरंच वाचायची. कर्र, कर्र,
पहिलीतल्या पोरासारखी
अक्षराला अक्षर लावत.

दोन रुपयांत पाव तास.
प्रत्येक खेळ तीन मिनिटांनी थांबायचा:
गाडी वळणावर,
उडी मारलेला माणूस हवेत,
आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी,
ज्याचा अर्थ निरूपा उईकेनं लावला होता,
"पुढचं लंडनले हाय."

मग पुढचं आम्ही ओट्यावर बसून खेळायचो, तोंडानं.
निरूपा म्हणे तो माणूस गिरणीच्या टिनावर उतरला.
श्रावण म्हणे नाही, वरच हाय,
त्याच्या खालची जमीन बनवाचीच रायली.

पान त्रेचाळीसवर कुपन होतं.
निरूपानं भरलं, पत्त्याच्या चौकोनात
'गिरणीच्या मागं' असं मराठीत,
आणि आठ रुपयांची तिकिटं लावली.
आठ रुपये, म्हणजे अख्खा एक तास.
लंडनहून काही आलं नाही.
पोस्टमन मात्र दोन वर्षं
त्या गल्लीतून सायकल जोरात काढायचा.

नववा खेळ मासे धरायचा.
कोणाला एकही लागला नव्हता.
एकदा डोमाजी मांढरे पोराला न्यायला आले,
खांद्यावर ओलं जाळं, दारातच उभे.
बघत राहिले. मग म्हणाले,
"उनात मधात कायले टाकता? पारीच्या सावलीत टाक."
हात लावला नाही त्यांनी कशाला, नुसतं बोट दाखवलं.
श्रावणनं टाकलं.
गळ ताणला, काठी वाकली, सगळं दुकान उभं राहिलं,
आणि मासा पाण्याबाहेर आला.
"मरळ नाही. कतला नाही. कोन्ता व्हय?"
तेवढ्यात तीन मिनिटं झाली.

"सोडला का त्यायनं?"
कोणालाच सांगता आलं नाही.
रात्री जेवताना त्यांनी पुन्हा विचारलं म्हणे.

परवा गेलो होतो. हंसराजच्या दुकानात आता झेरॉक्स.
श्रावणनं मक्त्यानं केलेल्या बांधीत
पोपटांसाठी तबकड्या टांगल्यात,
लोकांच्या लग्नाच्या, बारशाच्या, लखलख फिरणाऱ्या.
त्यांच्यात एक काळी.
ती चमकत नाही. पोपट बिनधास्त
तिच्याच काडीवर बसतात, लोंब्या सोलतात.

"काढत काऊन नाही तिले?"
श्रावण हसला.
मग म्हणाला, "बाबा जायच्या आदल्या दिवशी
पुन्हा विचारलं त्यायनं.
मी सांगतलं, चार किलोचा होता.
घरी नेला, म्हटलं. कोनाले इकला नाही."

वारं आलं तशी ती अर्धी वळली,
थांबली.
पोपट उडाला नाही.